क्लचचा स्पर्श आणि क्विकशिफ्टर : मोटरसायकलीचे गिअर कसे बदलतात

वाराणसी शहरात मोटरसायकलीला दोन अगदी भिन्न प्रकारचे रस्ते भेटतात. चौकापासून गंगेच्या घाटांकडे उतरणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, तेथे माणूस, गाय आणि दुचाकी यांना एकमेकांना अंग चोरूनच वाट द्यावी लागते. दुर्गाघाट व ब्रह्माघाट या भागांत, जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, तेथेही हीच स्थिती आहे. उलट शहराबाहेर राष्ट्रीय महामार्ग १९ वर तीच मोटरसायकल प्रयागराजच्या दिशेने मिनिटामागून मिनिट एका वेगाने धावू शकते. पहिल्या ठिकाणी चालकाचा डावा हात क्षणभरही मोकळा नसतो. दुसऱ्या ठिकाणी त्याला फारसे काम उरत नाही. हा फरक का पडतो, हे समजले म्हणजे क्लच आणि क्विकशिफ्टर या दोहोंचे कार्य समजते.

इंजिनाची एक उणीव

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला शून्य गतीपासून जोर लावता येत नाही. मिनिटाला सुमारे हजार फेऱ्यांच्या खाली गेल्यास ते बंद पडते. चाक मात्र प्रथम स्थिर असते. फिरणारे इंजिन आणि स्थिर चाक यांना एकदम जोडले, तर एक तर गाडी उसळी मारील किंवा इंजिन थांबेल. म्हणून त्या दोहोंच्या मध्ये घसरू शकेल असा दुवा लागतो. तो दुवा म्हणजे क्लच होय.

क्लचची रचना

बहुतेक मोटरसायकलींत क्लच एका चकतीचा नसून अनेक चकत्यांचा असतो व तो तेलात बुडालेला असतो. घर्षणाचा लेप असलेल्या चकत्या बाहेरच्या टोपलीसारख्या भागात अडकवलेल्या असतात आणि त्या इंजिनाबरोबर फिरतात. त्यांच्या मधून मधून पोलादी चकत्या बसविलेल्या असतात. त्या आतल्या तुंब्याला जोडलेल्या असून गिअरपेटीबरोबर फिरतात. स्प्रिंगा ही सारी चळत दाबून धरतात. तरफ ओढली की दाब सुटतो आणि चकत्या एकमेकींवरून मोकळ्या फिरू लागतात.

चकत्या अनेक का, हे साध्या गणिताने कळते. समजा, स्प्रिंगांचा दाब १००० न्यूटन आहे, घर्षणांक ०.१२ आहे आणि चकतीची सरासरी त्रिज्या ५ सेंटिमीटर आहे. तेव्हा एका घर्षणपृष्ठावर ६ न्यूटन-मीटर एवढेच पीळबल पेलले जाईल. पाच घर्षणचकत्यांची मिळून दहा पृष्ठे होतात. ती ६० न्यूटन-मीटर पेलतील. इंजिनाचे पीळबल १५ न्यूटन-मीटर असून क्लचपर्यंत येताना दंतचक्रांमुळे ते तिप्पट होत असेल, तर क्लचला ४५ न्यूटन-मीटर पेलावे लागते. एकच चकती येथे अपुरी पडली असती. पाच चकत्यांचा लहानसा गठ्ठा मात्र ते काम सहज करतो.

येथे तेलाचेही महत्त्व आहे. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तसे तेल मोटरसायकलीत घातल्यास क्लच घसरू लागतो. म्हणूनच ओल्या क्लचच्या गाड्यांसाठी जपानी मानकाप्रमाणे ‘एमए’ अशी खूण असलेले तेल वापरतात.

हाताला कळणारा स्पर्श

तरफ पूर्ण दाबलेली असताना क्लच सुटलेला असतो. पूर्ण सोडल्यावर तो घट्ट बसतो. या दोन टोकांच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो, ज्यात चकत्या घसरत घसरत जोर पुढे पाठवितात. हा पट्टा बोटांनी ओळखणे यालाच क्लचचा स्पर्श म्हणतात. इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरतो, गाडी हलकेच पुढे झुकते आणि तरफेचा प्रतिकार बदलतो. निष्णात चालक या तीन खुणांवरून माणसाच्या पावलाच्या गतीने गाडी नेऊ शकतो. गर्दीच्या गल्लीत हे कौशल्य शोभेचे नव्हे. वीतभर उसळी बसली तरी पुढचे मूल किंवा वृद्ध माणूस जखमी होऊ शकतो.

या घसरण्याची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते. सपाट रस्त्यावर इंजिनाची गती व क्लचचा जोर कायम ठेवून गाडी थांबलेल्या स्थितीतून सुरू केली, तर क्लच पूर्ण बसेपर्यंत इंजिनाने केलेल्या कार्यापैकी निम्मे गाडीच्या गतीत आणि निम्मे चकत्यांच्या उष्णतेत जाते. गाडी व चालक मिळून २०० किलोग्रॅम वजन सेकंदाला ३ मीटर वेगापर्यंत आणण्यास ९०० जूल लागतात. तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. वाहतुकीच्या कोंडीत असे शंभर वेळा झाले, तर ती उष्णता सुमारे पाव लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापविण्यास पुरेशी ठरेल. चढावर ब्रेक न लावता अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरल्यास तर सर्वच्या सर्व कार्याची उष्णता होते. चकत्या जळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

तरफेची भाषा वेळीच ओळखावी. चकत्या झिजल्या म्हणजे तारेचा ढिलेपणा कमी होतो. तो समायोजित केला नाही तर स्प्रिंगांचा पूर्ण दाब चकत्यांवर पडत नाही. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत आहे असे समजावे. तरफ पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते आणि न्यूट्रल सापडत नाही, तेव्हा तो पुरता सुटत नाही असे समजावे.

वाराणसीतील आगगाडीचे इंजिन

हाच प्रश्न फार मोठ्या मापावर कसा सोडविला गेला, हे त्याच शहरात दिसते. डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स या कारखान्यातून १९६४ च्या जानेवारीत पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. २०२० साली या कारखान्याचे नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स असे झाले. १००० टनांची गाडी सेकंदाला ३ मीटर वेगापर्यंत आणण्यास ४५ लाख जूल लागतात. घर्षणाचा क्लच वापरल्यास तेवढीच उष्णता एका सुरुवातीत त्याला सोसावी लागेल, म्हणजे मोटरसायकलीच्या क्लचच्या पाच हजार पट. म्हणून त्या इंजिनांत घर्षणाचा दुवाच ठेवला नाही. डिझेल इंजिन जनित्र फिरविते आणि त्या विजेवर चाकांच्या आसांजवळील मोटरी चालतात. वीज मोटरीला स्थिर अवस्थेतूनही जोर लावता येतो.

गिअर बदलताना काय होते

मोटरसायकलीच्या गिअरपेटीत दंतचक्रांच्या जोड्या नेहमी एकमेकींत गुंतलेल्याच असतात. कोणत्या जोडीने जोर न्यावयाचा, हे चक्रांच्या बाजूला असलेले जाड खुंट ठरवितात. पायाने तरफ हलविली की एक खाचा असलेले दंडगोल फिरते, काटे सरकतात आणि खुंट एका चक्रातून निघून दुसऱ्या चक्राच्या खाचेत शिरतात.

जोर चालू असता हे खुंट एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. सुटू नयेत म्हणून त्यांच्या कडा किंचित तिरप्याही घडविलेल्या असतात. म्हणून गिअर बदलण्यासाठी त्यांच्यावरील जोर क्षणभर काढून घ्यावा लागतो. क्लच दाबणे हा जोर काढण्याचा एक मार्ग आहे. तो एकमेव मार्ग नाही.

हे तत्त्व भारतीय चालकांना जुनेच आहे. म्हैसूर येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या जावा मोटरसायकलीत पायाने गिअरची तरफ दाबली की क्लच आपोआप सुटत असे. हाताला विश्रांती मिळे, पण क्लचचे सुटणे मात्र होत असे.

क्विकशिफ्टर

क्विकशिफ्टर याहून एक पाऊल पुढे जातो. त्यात क्लच सुटतच नाही. गिअरच्या तरफेजवळचा संवेदक पायाचा दाब ओळखतो व इंजिनाच्या संगणकाला कळवितो. संगणक प्रज्वलन किंवा इंधन सेकंदाच्या सुमारे पाच ते दहा शतांशांपर्यंत तोडतो. खुंटांवरील जोर उतरतो, ते सरकतात आणि इंजिन पुन्हा जोर लावते. ॲक्सिलरेटर तसाच उघडा ठेवता येतो.

समजा, तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.३० आणि चौथ्याचे १.०४ आहे. इंजिन ८००० फेऱ्यांवर असताना गिअर बदलला, तर त्याच वेगाला इंजिनाच्या ६४०० फेऱ्या व्हावयास हव्यात. जोर तुटल्याने इंजिन मंदावते आणि उरलेला धक्का मागील चाकातील रबरी गादी पचविते. खालचा गिअर घेताना उलट घडावे लागते. तेव्हा इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात, म्हणून संगणक क्षणभर हवेची झडप उघडतो. ज्या गाडीत झडपेचे नियंत्रण विजेने होते, तेथेच ही दुहेरी सोय देता येते. पुण्याजवळील चाकण येथे बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरमध्ये २०२० साली आणि टीव्हीएसच्या अपाचे आरटीआर ३१० मध्ये २०२३ साली क्विकशिफ्टरची सोय आली.

तरीही क्लच अनावश्यक झाला नाही. क्विकशिफ्टर दोन फिरणाऱ्या भागांमधील जोर क्षणभर काढून घेतो. फिरणारे इंजिन स्थिर चाकाला जोडण्याचे काम त्याला येत नाही. इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना त्याने धक्केही बसतात. महामार्गावर तो हात मोकळा करतो. घाटाच्या गल्लीत मात्र घसरणाऱ्या चकत्या आणि त्यांना ओळखणारी बोटे हाच आधार असतो.

करून पाहण्याजोगा प्रयोग

कागदाच्या दहा सारख्या पट्ट्या घ्याव्यात. एक पट्टी उजवीकडून व एक डावीकडून ठेवून त्यांची टोके एकमेकींवर आणावीत आणि त्यांवर जाड पुस्तक ठेवावे. एकाने डावी पट्टी धरून ठेवावी व दुसऱ्याने उजवी ओढावी. नंतर पाच उजव्या व पाच डाव्या पट्ट्या एकाआड एक रचून तेच पुस्तक वर ठेवावे आणि पाचही पट्ट्या एकदम ओढाव्यात. वजन तेच असूनही जोर कितीतरी अधिक लागतो.

प्रश्न

१. पुस्तकाचे वजन बदलले नसता घर्षण का वाढले?
२. चढावर अर्धवट क्लचऐवजी ब्रेक का वापरावा?
३. क्विकशिफ्टर असलेल्या गाडीलाही क्लचची तरफ का ठेवावी लागते?