अपराध कृत्याचा की जन्माचा?

सावनेर तालुक्यातील एका गावी गेल्या हिवाळ्यात विहिरीवरील मोटारपंप चोरीस गेला. उपासनेनंतर मंडळीतील एक वृद्ध बंधू आम्हांस म्हणाले, "पाळकसाहेब, नाल्याकाठी पारध्यांची पाले पडली आहेत, मग चोर शोधावयास दूर कशाला जावे?" कोणी हरकत घेतली नाही. आम्हीही गप्प राहिलो. म्हणून आज फौजदारी कायद्याच्या मुळाविषयी थोडे लिहीत आहोत.

पूर्वी एकाने दुसऱ्यास लुटले तर तो दोन कुळांतील झगडा असे. सूड घ्यावा, नाहीतर भरपाई घेऊन मिटवावे. पुढे राजसत्तेने सूडाचा हक्क लोकांच्या हातून काढून घेतला आणि अपराध हा सर्व समाजाचा अपकार ठरला. म्हणूनच आजही असे खटले बहुधा सरकार चालविते. परंतु एवढ्या सत्तेस मर्यादा हवी. इटलीतील बेकारिया ह्यांनी 1764 साली प्रतिपादिले की, शिक्षेचा हेतू छळ हा नसून पुढील अपराध टाळणे हा होय.

आपल्याकडील 1860 ची दंड संहिता 1862 पासून अमलात आली. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. दोहोंतही सात वर्षांखालील बालकाचे कृत्य अपराध मानिलेले नाही, कारण त्यास बरेवाईट समजण्याची बुद्धी आलेली नसते.

आता आश्चर्य पाहा! त्याच सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रथम उत्तरेत होता. पुढे मुंबई इलाख्यातही आला. जमातीचे नाव यादीत लागले की, मनुष्याने काही केलेले असो वा नसो, त्यास हजेरी द्यावी लागे व परवान्यावाचून फिरण्याची बंदी होई. पारध्याच्या वा कैकाड्याच्या पाळण्यातील मूल संशयित म्हणूनच वाढे. सोलापुरास तारेच्या कुंपणात अशा लोकांची वसाहत होती, व ती काही काळ अमेरिकन मराठी मिशन चालवीत असे. उत्तरेत मुक्तिफौजेकडे अशाच वसाहती होत्या. मिशनरी बांधवांनी शाळा काढल्या, कामधंदा दिला, हे खरे. तथापि फाटकाची किल्ली कोणाच्या हाती होती, हे आपण विसरू नये. यहेज्केलाचा अठरावा अध्याय त्यांनीही वाचलाच असेल.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. ह्या जमाती तेव्हापासून विमुक्त म्हणविल्या जातात.

पंप अद्याप सापडलेला नाही. नाल्याकाठची पाले मात्र त्याच आठवड्यात उठली. ती कोणी उठविली, हे आम्ही विचारले नाही.