मुख्याध्यापक गेल्यावर जे उरते

कोणत्याही जुन्या मिशन शाळेची शताब्दी स्मरणिका उघडून पाहा. आरंभीच्या पानांवर आजवरच्या मुख्याध्यापकांची छायाचित्रे ओळीने छापलेली असतात, आणि प्रत्येकाच्या नावाखाली त्याच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या उपक्रमांची नोंद असते. एकाने वाचनालय काढले, दुसरीने वस्तीतील स्त्रियांसाठी रात्रीचे वर्ग चालविले, तिसऱ्याने संगणक कक्ष उभारला. वाचकहो, ती यादी हाती घेऊन शाळेतून एक फेरी मारावी आणि तिच्यातील काय काय अद्याप चालू आहे ते पाहावे. इमारती बहुधा उभ्या असतात. उपक्रम मात्र पुष्कळदा निरोपसमारंभाच्या हारतुऱ्यांबरोबरच सुकून गेलेले आढळतात.

हा प्रश्न आपल्या शाळांना विशेष जाणवतो, कारण धर्मप्रांताच्या, धर्मभगिनींच्या अथवा मिशनच्या शाळांत प्रमुखांची बदली ठरावीक काळाने होत असते. नवे मुख्याध्यापक नवा उत्साह घेऊन येतात, शिक्षक ऐकून घेतात, आणि ‘हेही चार वर्षांनी जाणारच’ असे मनात म्हणून जुन्याच वाटेने चालत राहतात. त्यांना दोष देता येत नाही. अनुभवानेच त्यांना तसे शिकविलेले असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाळांकडून पुन्हा अनेक बदलांची अपेक्षा केली जात आहे. अशा वेळी कोणता बदल टिकतो आणि का टिकतो, याचा शांतपणे अभ्यास करणे हिताचे ठरेल. त्यासाठी आपल्याच देशातील दोन उदाहरणे घेऊ. एक कोलकात्यातील एका शाळेचे आहे, दुसरे मध्य प्रदेशातील एका संपूर्ण जिल्ह्याचे.

१. सियालदहची शाळा

कोलकात्याच्या सियालदह रेल्वे स्थानकाच्या परिसरात लॉरेटो धर्मभगिनींची मुलींची शाळा आहे. १९७९ मध्ये सिस्टर सिरिल मूनी तेथे मुख्याध्यापिका झाल्या. त्या मूळच्या आयर्लंडच्या. १९५६ पासून त्या भारतात होत्या. त्या वेळी शाळेत सुमारे ८०० मुली होत्या आणि गरीब घरांतून आलेल्या त्यांत जेमतेम ९० होत्या. शाळा चांगली होती आणि निकालही चांगले होते; परंतु फाटकाबाहेर, स्थानकाच्या आसपास, पदपथावर राहणारी मुले होती, आणि त्यांचा व शाळेचा काही संबंध नव्हता.

सिस्टर सिरिल यांनी प्रथम गरीब मुलींना प्रवेश देण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे वाढवीत नेले. त्यांची निराळी तुकडी केली नाही; फी भरणारी आणि फी न भरणारी मुलगी एकाच बाकावर बसू लागली. पुढे १९८५ मध्ये रस्त्यावरील मुलांसाठी ‘रेनबो’ नावाचा उपक्रम सुरू झाला. या मुलांनी हवे तेव्हा शाळेत यावे, जमेल तेव्हा शिकावे, अशी मोकळीक होती, कारण त्यांतील कित्येकांना दिवसभरात पोटापाण्याचे काही करावे लागे. कालांतराने ज्यांना रात्रीचा निवारा नव्हता अशा मुलींना शाळेच्या इमारतीतच राहण्याची सोय झाली.

मुले केव्हाही येणार, तर त्यांना शिकविणार कोण? जादा शिक्षक नेमण्याइतका पैसा कोणत्या शाळेपाशी असतो? सिस्टर सिरिल यांनी याचे उत्तर शाळेतच शोधले. आपल्याकडे कार्यानुभवाचा विषय असतो तसाच विषय पश्चिम बंगालच्या अभ्यासक्रमातही होता. पाचवीपासून पुढच्या वर्गांतील मुलींनी त्या तासांत रेनबोच्या एकेका मुलाला समोरासमोर बसून शिकवावे, अशी योजना झाली. एक वर्ग आपला तास संपवून गेला की दुसरा येई, आणि त्यामुळे दिवसाच्या कोणत्याही वेळी शिकविणारे कोणीतरी हजर असे. मूल वयोमानाप्रमाणे तयार झाले की त्याला नियमित वर्गात घातले जाई. याच्या जोडीला शाळेतील मुली आसपासच्या खेड्यांतील शाळांत जाऊन तेथील मुलांना शिकवीत. वस्त्यांतील व गावांतील तरुणांनाही शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. ‘अनवाणी शिक्षक’ हे त्यांचे नाव.

१९९८ च्या सुमारास शाळेचा पट १,४०० च्या घरात गेला होता आणि त्यांतील निम्म्या मुली फी न देता शिकत होत्या. २००७ मध्ये सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये त्यांनी मुख्याध्यापिकापद सोडले आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु रेनबोची कल्पना एका शाळेत अडकून राहिली नाही. शाळांच्या वापरात नसलेल्या जागेत बेघर मुलांसाठी घर करावे, हा विचार पुढे हैदराबाद, दिल्ली, चेन्नई, पाटणा, पुणे अशा शहरांत इतरांनी उचलला.

२. होशंगाबादचा जिल्हा

दुसरे उदाहरण याहून मोठ्या पटावरचे आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम आहे) १९७२ मध्ये १६ शासकीय माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याची नवी पद्धत सुरू झाली. ‘किशोर भारती’ ही संस्था आणि क्वेकर ख्रिस्ती मंडळींनी स्थापिलेले रसुलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी तिचा आरंभ केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी व्याख्या पाठ न करता स्वतः प्रयोग करावे, निरीक्षणे लिहावी, आणि त्यांवरून निष्कर्ष काढावा, अशी ही पद्धत होती. खेड्यातील शाळेला परवडेल असे साहित्य पेटीत भरून दिले जाई. ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके शिक्षकांच्या सहभागाने घडविण्यात आली. मुलांनी मनातले प्रश्न ‘सवालीराम’ या कल्पित व्यक्तीला पत्राने विचारावे आणि त्यांना उत्तर जावे, अशीही सोय होती.

१९७८ मध्ये ही पद्धत संपूर्ण जिल्ह्यात लागू झाली, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तिची धुरा घेतली. येथे दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली अशी की, शिक्षकांच्या मासिक सभा भरत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता अडचणीचा प्रश्न विचारला, हे तेथे उघडपणे बोलले जाई. दुसरी अशी की, परीक्षाही बदलण्यात आली. पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची, आणि त्याबरोबर प्रात्यक्षिकही करून दाखवावयाचे.

असे ३० वर्षे चालले. तथापि २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. राज्यात इतरत्र एक पुस्तक आणि या शाळांत दुसरे, हे नको, असा आक्षेप त्यामागे होता. शिक्षकांनी, शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला. निर्णय मात्र फिरला नाही.

मग ते सारे श्रम वाया गेले काय? तसे म्हणता येत नाही. हजारो मुलांनी हातांनी विज्ञान केले होते आणि शेकडो शिक्षकांना प्रश्न विचारू देण्याची सवय लागली होती. ‘एकलव्य’चे काम पुढे चालू राहिले. त्यांच्या हिंदी ‘संदर्भ’ नियतकालिकाच्या प्रेरणेने पुण्याहून ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक निघाले. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांनी कृतीतून व शोधातून शिकावे हे तत्त्व देशभरासाठी लिहून ठेवले.

३. दोन्ही उदाहरणे काय शिकवितात?

पहिला धडा वेळापत्रकाचा. सियालदहचे काम शाळा सुटल्यावर करावयाचे पुण्यकर्म नव्हते. त्याला रोजच्या तासांत जागा होती. जे वेळापत्रकात नसते ते कोणाच्या तरी उत्साहावर चालते, आणि उत्साही माणसाची बदली झाली की थांबते. वेळापत्रकातील तास नव्या मुख्याध्यापकालाही घ्यावाच लागतो. तो काढून टाकावयाचा तर कारण सांगावे लागते.

दुसरा धडा परीक्षेचा. शिकविण्याची रीत बदलली आणि प्रश्नपत्रिका जुनीच ठेवली, तर एका वर्षात शिक्षक जुन्या रीतीकडे वळतात, कारण निकालाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. होशंगाबादने हे ओळखले होते. परंतु तो कार्यक्रम आठवीपर्यंतच होता आणि पालकांची नजर दहावीवर असते. बदल जेथे संपतो तेथून पुढे मुलाचे काय होणार, याचे उत्तर पालकांना आधीच द्यावे लागते.

तिसरा धडा वाटून दिलेल्या जबाबदारीचा. निर्गमाच्या अठराव्या अध्यायातील प्रसंग आपणांस ठाऊक आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो की, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शेकड्यांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसे नेम. हा सल्ला मुख्याध्यापकाच्या खोलीत लावून ठेवण्याजोगा आहे. सियालदहला पाचवीतील मुलीलाही एका मुलाची जबाबदारी मिळाली. होशंगाबादला पुस्तक घडविण्यात गावच्या शिक्षकाचा हात होता. ज्या कामात आपला हात असतो ते काम माणूस सहजासहजी मोडू देत नाही.

चौथा धडा कटू आहे. शिक्षक तयार असले, मुले आनंदात असली, तरी परवानगी ज्यांच्या हाती असते त्यांचे मन वळविले नसेल तर एका आदेशाने सारे थांबू शकते. आपल्या शाळांत ही परवानगी व्यवस्थापन मंडळाकडे, धर्मप्रांताकडे आणि काही अंशी पालकांकडे असते. म्हणून नव्या कामाचा ठराव मंडळाच्या कार्यवृत्तात असावा, त्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात असावा, आणि पालक-शिक्षक संघात त्यावर मोकळी चर्चा झालेली असावी. देणगीवर चालणारे काम देणगीदाराच्या मर्जीवर जगते.

४. आपल्या फाटकाबाहेर

शेवटी एका नाजूक गोष्टीकडे वळणे भाग आहे. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवण्यास सांगितले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असे त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने २०२५ मध्ये सुचविले. घटनेने दिलेला आपल्या संस्था चालविण्याचा हक्क मोलाचा आहे आणि तो जपलाच पाहिजे. परंतु हक्क जपल्यानंतर पुढचा प्रश्न उरतोच. १९८५ मध्ये सियालदहच्या शाळेवर कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. गरीब मुलांना जागा दिल्याने शाळेचा दर्जा घसरेल ही भीती तेथील पालकांनाही वाटली असेल. आपल्या शाळांतील पालकांना ती आजही वाटते. त्या भीतीपुढे मुख्याध्यापकाने काय करावे, यातच त्याच्या नेतृत्वाचा कस लागतो.

आपण शिक्षक असाल, व्यवस्थापन मंडळाचे सभासद असाल, अथवा केवळ पालक असाल, आपल्या शाळेत येत्या जूनमध्ये किंवा एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू होईल. त्या वर्षासाठी दहा नवे उपक्रम हाती घेण्याऐवजी एकच निवडावा, आणि मुख्याध्यापक बदलले तरी तो चालेल अशा रीतीने त्याचा पाया घालावा.

चर्चेसाठी प्रश्न

१) गेल्या दहा वर्षांत आपल्या शाळेत सुरू झालेल्या उपक्रमांपैकी कोणते आज चालू आहेत? जे बंद पडले ते कोणाच्या जाण्याने बंद पडले?

२) आपल्या वेळापत्रकातील कोणता तास आज नावापुरता आहे? तो खऱ्या कामासाठी कसा वापरता येईल?

३) आपल्या शिक्षकसभेत सूचना वाचून दाखविण्यापलीकडे काय घडते? वर्गात फसलेल्या गोष्टींबद्दल तेथे निर्भयपणे बोलता येते काय?

४) शाळेच्या फाटकापासून एक किलोमीटरच्या आत राहणारी पण शाळेत न येणारी मुले किती आहेत, हे आपल्या मंडळातील कोणी मोजले आहे काय? नसल्यास ते काम कोणाकडे सोपवाल?