बावखल बुजवलं तर नातवंडांना भोगावं लागेल का?

प्रश्न : वसईत आमचं आजोबांच्या वेळचं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे. भराव घालून जागा विकू, असं भावांचं म्हणणं. मी सही अडवून धरली आहे, त्यामुळे घरात अबोला आहे. बापाच्या पापाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचतं, असं बायबलमध्ये आहे. आमच्या करणीची शिक्षा देव खरंच नातवंडांना देईल का?
— एक वाचक, वसई

उत्तर : आधी तुमच्या भीतीबद्दल. निर्गमच्या विसाव्या अध्यायातल्या त्या शब्दांनी अनेकांची झोप उडवली आहे. पण यहेज्केलचा अठरावा अध्यायही वाचा. बाबेलच्या बंदिवासातले लोक वाडवडिलांच्या नावाने बोटं मोडत बसले होते. बापाचा दोष मुलाच्या माथी येणार नाही, असं संदेष्ट्याने त्यांना स्वच्छ सांगितलं. तेव्हा देव तुमच्या नातवंडांवर सूड उगवणार नाही. दोष वारशाने जात नाही. परिणाम मात्र जातो. त्या काळी एका छपराखाली तीन-चार पिढ्या नांदत, कर्त्या माणसाने केलेलं त्याच्या डोळ्यांदेखत पतवंडांपर्यंत पोचे.

तुमचं पत्र वाचताना मला यहूदाचा राजा हिज्कीया आठवत राहिला. तो जिवावरच्या दुखण्यातून उठला, तेव्हा बाबेलचे दूत भेटी घेऊन आले. त्याने त्यांना सोनं, चांदी, शस्त्रागार, सगळं दाखवलं. हे सारं एक दिवस बाबेलला जाईल आणि तुझे वंशजही नेले जातील, असं यशया संदेष्ट्याने बजावलं. त्यावर राजाने समाधान मानलं, कारण त्याच्या हयातीत तरी शांतता राहणार होती. दुखण्यानंतर त्याला 15 वर्षांचं आयुष्य वाढवून मिळालं होतं आणि तो वारला तेव्हा वारस मनश्शे 12 वर्षांचा होता. म्हणजे दूत आले तेव्हा ते मूल बहुधा जन्मालाही आलं नव्हतं. ज्यांची तोंडं पाहिली नाहीत त्यांचं दुःख माणसाला किती हलकं वाटतं! इ. स. पूर्व 586 मध्ये यरुशलेम खरोखरच बाबेलच्या हाती पडलं.

पण याच हिज्कीयाने आणखी एक काम केलं होतं. अश्शूरचं सैन्य चालून येणार होतं आणि गीहोनचा झरा तटाबाहेर होता. त्याने डोंगराच्या पोटातून सुमारे 533 मीटरचा बोगदा खणून पाणी शहरात आणलं. पाथरवट दोन्ही टोकांनी खणत आले. 1880 मध्ये त्या बोगद्यात एक शिलालेख सापडला. शेवटचे काही हात उरले असताना खडकापलीकडून एकमेकांच्या हाका ऐकू आल्या, असं त्यात कोरलेलं आहे. बोगदा खणल्यावर सुमारे सातशे वर्षांनी येशूने एका जन्मांधाच्या डोळ्यांना चिखल लावला आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवलं. त्या तळ्यात याच बोगद्याचं पाणी येत होतं. आजही तिथे पाण्यातून चालत जाता येतं.

तुमच्या आजोबांचं बावखलही त्याच जातीचं काम आहे. माझ्या आजोळी पहाटे रहाटाच्या करकरीने जाग यायची. गाडगी एकेक वर येऊन पन्हाळीत रिती व्हायची आणि पाणी केळीच्या बुंध्याशी पोचेपर्यंत आम्ही मुलं त्याच्यासोबत पळायचो. बावखल पावसाचं पाणी धरतं, ते मुरतं, म्हणून आसपासच्या विहिरी गोड राहतात. वसईत टँकरसाठी बेसुमार उपसा झाला तिथे विहिरी खाऱ्या झाल्या, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. भरावाखाली केवळ तुमच्या सातबाऱ्यावरची जागा जात नाही, शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणीही जातं.

म्हणून माझं मत विचाराल तर सही करू नका. पण भावांना पापाचा धाकही घालू नका. त्यांची पैशाची नड खरी असेल, तर ती आधी ऐकून घ्या. दुसऱ्या जमिनीतला तुमचा थोडा वाटा सोडून बावखल वाचत असेल, तर सोडा. मे महिन्यात, पाणी तळाला गेलं की, सगळ्या घरांतल्या मुलांना गाळ काढायला बोलवा. भाऊही येतील, निदान काठावर उभे राहून बघायला तरी येतील.