न दिलेलें वचन

सॉफ्टवेअर करणारा आपल्या मालासोबत माहितीपुस्तिका देतो. तींत जें लिहिलें असेल तें त्याचें वचन होय. परंतु वापरणारा मनुष्य पुस्तिकेपेक्षां अनुभवावर अधिक विसंबतो. एखादी गोष्ट शंभर वेळां एकाच रीतीनें घडली, म्हणजे ती नेहमीं तशीच घडावयाची, असें तो धरून चालतो. तेव्हां पुस्तिकेंत नसलेल्या आंतील गोष्टी कर्त्यानें सांगाव्या कीं नाहीं, ह्याचा येथें विचार करूं.

आमचे कित्येक विद्यार्थी शिकतात ती पायथन ही संगणकाची भाषा घ्या. तींत ‘डिक्शनरी’ म्हणून एक कोश असतो. त्यास विद्यार्थ्याचें नांव सांगितलें म्हणजे त्याचे गुण मिळतात. हीं नांवें कोणत्या क्रमानें बाहेर येतील, ह्याची पूर्वीं हमी नव्हती. २०१६ सालीं निघालेल्या ३.६ ह्या आवृत्तींत कोशाची मांडणी बदलली. स्मृतींतील जागा २० ते २५ टक्के कमी लागूं लागली, आणि नांवें ज्या क्रमानें घातलीं त्याच क्रमानें बाहेर येऊं लागलीं. कर्त्यांनीं त्याच वेळीं बजाविलें कीं, हा आंतील रचनेचा परिणाम आहे, त्यावर विसंबूं नये. पुढें २०१८ सालच्या ३.७ ह्या आवृत्तीपासून तोच क्रम भाषेचा नियम ठरला.

गो भाषेच्या कर्त्यांनीं उलट मार्ग धरिला. तेथेंही अशा कोशाच्या क्रमाची हमी नव्हती. परंतु त्या क्रमावर बेतलेली चाचणी एका यंत्रावर उतरे व दुसऱ्यावर फसे. म्हणून २०१२ सालीं ‘गो १’ काढतांना त्यांनीं तो क्रम मुद्दाम अनिश्चित केला व तसें जाहीर केलें.

आम्हांस दोन्ही मार्ग प्रामाणिक वाटतात. कोणी म्हणेल, आंतील सर्वच लिहून द्यावें. पण लिहिलेलें प्रत्येक वाक्य कर्त्याचे हात बांधतें. जुन्या मांडणीचें वचन दिलें असतें, तर नवी मांडणी करतां आली नसती. यास्तव आपलें वचन कोठें संपतें, तें स्पष्ट लिहिणें हें कर्त्याचें कर्तव्य होय. मात्र ज्यावर पुष्कळांचीं कामें उभीं आहेत, तें न कळवितां बदलून ‘आम्ही वचन दिलेंच नव्हतें’ म्हणणें, हें नियमांत बसलें तरी न्यायाचें नव्हे.

वापरणाऱ्यासही कर्तव्य आहे. वाळूवर घर बांधणाऱ्यानें पावसास दोष देऊं नये. विद्यार्थिमित्रहो, एखाद्या गोष्टीवर आपलें काम उभारण्यापूर्वीं स्वतःस विचारा: हें मला कोणीं सांगितलें आहे, कीं आजवर केवळ तसें घडत आलें आहे?