शिकेकाईची शेंग वाचताना

दिवाळीच्या तोंडावर लालबागेत मसाला कुटायला गेले की येताना काष्ठौषधीच्या दुकानातून शिकेकाई आणते. गिरगाव-दादरकडच्या आपल्या घरांत हे देशी झुडूप पुडीतूनच येतं. पुडीपासून सह्याद्रीतल्या रानापर्यंत त्याचा माग काढताना त्याच्या आणि त्याच्या भाऊबंद बाभूळ-खैरांच्या कळलेल्या या गोष्टी:

१. भुकटी नको, अख्खी शेंग घ्या. शिकेकाईची शेंग ओली असताना मांसल असते, वाळली की सुरकुतते. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो. बाभळीची शेंग राखाडी, दोन बियांमध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. दोन्ही एकदा शेजारी ठेवून पाहा, पुन्हा गल्लत होणार नाही.

२. काटे आधी पाहा. बाभळीचे काटे सरळ आणि जोडीनं येतात; ती खरं तर रूपांतरित उपपर्णं. खैराचेही जोडीनंच, पण वाकडे. शिकेकाईचे बारीक आकडे मात्र खोडावर, पानाच्या दांड्यावर कुठेही विखुरलेले. त्यांच्याच आधारानं ती शेजारच्या झाडावर चढते. म्हणून मोकळ्यावर झुडूप दिसणारी शिकेकाई दाट रानात दांडगी वेल होते.

३. गोंडा म्हणजे एक फूल नव्हे. त्यात अनेक चिमुकली फुलं असतात आणि मऊ लागतात ते पुंकेसर. बाभळीचा गोंडा सोनपिवळा. शिकेकाईच्या कळ्या तांबूस, उमललेला गोंडा पांढुरका. खैराला गोंड्याऐवजी लांबट तुरे येतात.

४. नुसत्या पानावर विसंबू नका. या तिघांचीही पानं दुहेरी पिसासारखी, बारीक पर्णिकांची. कोकणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीवर विळ्यासारखं जे दिसतं, तो पसरट झालेला देठ असतो. तिच्या कोवळ्या रोपाची पहिली पानं मात्र पिसासारखीच येतात आणि गोत्र तिथे कळतं.

५. वहीत जुनी-नवी दोन्ही नावं लिहा. जुन्या पुस्तकांत ही सगळी ‘अकेशिया’. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या २००५च्या व्हिएन्ना परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियन जातींकडे गेलं. आता बाभूळ ‘वाचेलिया’त, खैर आणि शिकेकाई ‘सेनेगालिया’त.

६. शेंगेचं गाव विचारा. कुठल्या रानातली, कुणी वेचलेली, हे दुकानदाराला आवर्जून विचारत जा. गिऱ्हाईक विचारू लागलं, तर रान राखणाऱ्या आणि शेंगा वेचणाऱ्या माणसांचं मोलही बाजाराला कळेल.