'बर्नआउट'ला मराठीत काय म्हणाल?



या शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द पुरत नाही. तीन लागतात, आणि तेच आजच्या पाठाचे शब्द आहेत.

न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांविषयी लिहिताना 'बर्नआउट' हा शब्द वापरला. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक व सुझन जॅक्सन यांनी तो मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. त्यात लक्षणे तीन.

पहिले शीण. रोजचा शीण चहाने, झोपेने जातो. हा रविवारी दुपारपर्यंत झोपूनही जात नाही.

दुसरे वीट. कंटाळा कशाचाही येतो, पण वीट आवडीच्या गोष्टीचाही येतो. महिनाभर रोज आमरस खाऊन पाहा! प्रोग्रॅम लिहिणे ज्याला मनापासून आवडे, तोच "चालतंय ना, मग झालं" म्हणू लागतो. (भिंतीतली ती वीट, हा तो वीट. लिंग चुकवू नका.)

तिसरे हातपाय गळणे. काम होत असते, पण आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे का होते? आमच्या आधीचे पुष्कळ मराठी इंजिनियर १९९८-९९ च्या सुमारास इथे आले ते जुन्या कोबॉल प्रोग्रॅममधील दोन आकडी साल दुरुस्त करायला. कष्ट होते, पण त्या कामाला ३१ डिसेंबर १९९९ ही तारीख होती. आजच्या कामाला तशी तारीख नाही. प्रोग्रॅम रोज बदलतो, आणि पाळी असेल त्याचा फोन रात्री दोनलाही वाजतो. काम मागे पडले की माणसे वाढवतात. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे की त्याने उशीर आणखी वाढतो, कारण नव्यांना शिकवायलाही जुनेच लागतात.

"मग नोकरी सोड" हा सल्ला देणे सोपे आहे. एच-वन-बी व्हिसावर नोकरी सुटली तर साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि घरात शाळेत जाणारी मुले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले. म्हणूनच डॉक्टरकडे जावे असे माझे मत आहे. त्याच्याआड नैराश्य दडलेले असू शकते, आणि तो आजार आहे. गंभीर आजारासाठी १९९३ च्या कायद्याने वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते, नोकरी राखून. कंपनीत ५० तरी माणसे हवीत आणि तिथे वर्षभर काम झालेले हवे. मनाचा आजारही त्यात धरतात. आपल्यातले किती जण हे एचआरला विचारतात?

मुलांनो, बाबा किंवा आई जेवताना गप्प असतील, उगाच चिडत असतील, तर ते तुमच्यामुळे असेलच असे नाही. "आज शीण आलाय का?" एवढे विचारून पाहा. मराठीत विचारा.

गृहपाठ : (१) 'तो वीट' आणि 'ती वीट' वाक्यात वापरा. (२) घरी विचारा : रात्री कामाचा फोन आला, तर दुसऱ्या दिवशी उशिरा जायची मुभा असते का? उत्तर पाच वाक्यांत लिहून आणा.