शिस्त आणि दया : वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी



बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामातील मुले-मुली शिक्षणासाठी परभणी सोडतात. कोणी संभाजीनगरला, कोणी पुण्याला, कोणी नर्सिंगसाठी मिशनच्या वसतिगृहात जाते. प्रवेश घेताना आईवडील नियमांच्या कागदावर सही करतात. गेट किती वाजता बंद होणार, भेटायला कोण येऊ शकते, गैरवर्तन केल्यास काय शिक्षा, हे सारे त्यात असते. पण एक प्रश्न आपल्या मनात येत नाही. आपल्या मुलाला मुलांविषयीच, किंवा मुलीला मुलींविषयीच आकर्षण वाटत असेल, तर तेथे त्या लेकराचे काय होईल? हा विषय आपण घरात काढत नाही, धर्मशिक्षणाच्या वर्गातही काढत नाही. आज तो आपण शुभवर्तमानाच्या प्रकाशात पाहू.

शुभवर्तमान : योहान ८:१-११

हा उतारा आज घरी सर्वांनी मिळून वाचावा. शास्त्री आणि परुशी एका स्त्रीला पकडून प्रभूपुढे उभी करतात. नियमशास्त्र त्यांच्या बाजूने आहे, हातात दगडही आहेत. तिच्याबरोबरच्या पुरुषाला मात्र कोणी आणलेले नाही. प्रभू येशू नियम मोडीत काढत नाही. तो दगड मारणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला लावतो. सगळे निघून गेल्यावर तो तिच्याशी बोलतो, तिला दोषी ठरवत नाही आणि नव्या जीवनाकडे पाठवतो. आधी त्याने तिचा जीव वाचवला, उपदेश नंतर केला. हा क्रम आपण लक्षात ठेवावा.

एका मराठी प्राध्यापकाची गोष्ट

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरचे. ते मराठीचे प्राध्यापक व कवी होते. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ शिकवले. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबत असताना त्यांचे चित्रीकरण केले. विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून सरांनाच निलंबित केले. निवृत्तीला तेव्हा काही महिनेच उरले होते. सर न्यायालयात गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१० रोजी निलंबनाला स्थगिती दिली. अवघ्या सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. ते ६४ वर्षांचे होते.

ही घटना दुसऱ्या धर्माच्या लोकांची म्हणून आपण सुटका करून घेऊ नये. धर्माच्या नावाने चालणाऱ्या कोणत्याही संस्थेत, आपल्याही संस्थेत, असे घडू शकते. 'गैरवर्तन' हा शब्द आपल्याही नियमांत असतो. सरांच्या दारात घुसलेल्या माणसांनी हातात कॅमेरा घेतला होता. योहानाच्या शुभवर्तमानातील माणसांच्या हातात दगड होते.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

आपल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २३५७ ते २३५९) या विषयाची शिकवण आहे. समलिंगी शरीरसंबंधाला ख्रिस्तसभा मान्यता देत नाही. विवाहाबाहेरच्या कोणत्याही शरीरसंबंधाला ती मान्यता देत नाही. शुद्ध जीवनाचे पाचारण सर्वांनाच आहे. परंतु नुसते आकर्षण वाटणे हे पाप नव्हे. अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नये, हेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. आपण पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरलो.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन महागुरुस्वामी कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्यास विरोध असल्याचे सांगितले होते. समलिंगी असणे हा गुन्हा नाही, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

कायदा काय सांगतो?

६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार प्रौढ व्यक्तींमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली. लैंगिक कलावरून एखाद्या विद्यार्थ्याला छळणे किंवा वाळीत टाकणे हे तेव्हापासून रॅगिंग ठरते. असे आकर्षण 'बरे' करण्याचे उपचार करणे हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले.

मग वसतिगृहाला नियम नकोत काय? नियम हवेतच. शिस्तीशिवाय शंभर मुले एका छताखाली राहू शकत नाहीत. मात्र नियम वर्तनासाठी असावा आणि सर्वांना सारखा लागू व्हावा. मुलगा-मुलगी भेटताना सापडली तर समज देऊन सोडायचे आणि दोन मुलांची नुसती कुजबुज ऐकून एकाचे नाव कमी करायचे, ही शिस्त नव्हे. कोणाचा मोबाईल चोरून पाहणे, चिठ्ठ्या गोळा करणे, सर्वांसमोर नाव घेणे, हेही ख्रिस्ती वर्तन नव्हे.

आपण काय करावे?

१. नियमांचा कागद वाचूनच सही करावी. न समजलेले वॉर्डन, फादर किंवा सिस्टर यांना विचारावे.

२. लेकराने विश्वासाने काही सांगितले तर आधी पूर्ण ऐकून घ्यावे. मारहाण करू नये, शिक्षण तोडू नये, घाईने लग्न लावू नये. लग्नाने आकर्षण बदलत नाही. त्यात दुसऱ्या घरच्या लेकीचेही आयुष्य होरपळते.

३. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय काका-मामांना किंवा शेजारी सांगू नये.

४. मूल खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

५. नाव कमी होऊन मूल घरी आले तरी त्याच्यासाठी दार उघडे असावे. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाला आधी मिठी मारली होती.

घरी चर्चेसाठी

• माझ्या मुलाला मनातले सर्वात अवघड सांगावेसे वाटले, तर ते तो मला सांगू शकेल काय?
• कोणाच्या चालण्या-बोलण्यावरून मी थट्टा केली आहे काय?

प्रार्थना

हे प्रभू येशू, घरापासून दूर शिकणाऱ्या आमच्या सर्व लेकरांना सांभाळ. जे आपल्या मनातले कोणाला सांगू शकत नाहीत त्यांच्याजवळ राहा. आमच्या हातातले दगड खाली पाड. आमेन.